खाडीचे ऋण आणि मत्स्यविद्येचा वारसा

भिवंडीचे नाव निघताच आज ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे प्रथम यंत्रमाग उभे राहतात आणि त्यांच्या पाठोपाठ महामार्गालगतची गोदामे. आपल्या ज्ञातीतील तरुण पिढीलाही या गावाची ओळख बहुधा तेवढीच आहे. परंतु या गावाचे मूळचे वैभव सुताचे नव्हते, ते पाण्याचे होते. एका अंगाने कामवारी नदी, दुसऱ्या अंगाने उल्हास नदीची कल्याणकडून वसईकडे उतरणारी खाडी, आणि या दोहोंच्या कुशीत वसलेले हे बंदर, अशी भिवंडीची खरी जुनी ओळख आहे. त्या पाण्यावर आपल्या पूर्वजांनी संसार केले, लेकींची लग्ने केली, देवळे बांधली. म्हणून यंदाच्या अंकासाठी लेखनाचा आग्रह झाला, तेव्हा आम्ही वंशावळी किंवा मानपान यांवर न लिहिता या पाण्यावर आणि त्याच्या विद्येवर लिहिण्याचे ठरविले. मासे जगविण्याचे व वाढविण्याचे जे शास्त्र गेल्या शतकात आपल्या मुलखात उभे राहिले, ते कोणी उभे केले, त्यात आपले स्थान कोठे होते आणि पुढे कोठे असावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

खाडीचा पूर्वेतिहास

१६५७ साली कल्याण-भिवंडी श्रीशिवछत्रपतींच्या हाती आली आणि त्यानंतर अल्पावधीतच कल्याणच्या खाडीत स्वराज्याच्या आरमाराची पायाभरणी झाली, हे सर्वश्रुत आहे. आरमार केवळ लाकडाचे होत नाही. भरती-ओहोटीचे गणित, वाऱ्याची ओळख, खडक व गाळ यांची जाण ज्यांच्या अंगी मुरली आहे अशी माणसे लागतात. ती माणसे या किनाऱ्यावर होती. पुढे वसईच्या मोहिमेत (१७३७ ते १७३९) पुढाकार घेणारे गंगाजी नाईक याच तालुक्यातील अंजूरचे. त्या मोहिमेतही या खाड्यांचे उतार आणि वाटा जाणणाऱ्यांचे मोल किती होते, ते निराळे सांगावयास नको.

१८५३ साली मुंबई ते ठाणे आगगाडी धावली आणि पुढच्याच वर्षी ती कल्याणास पोहोचली. लोहमार्गाने भिवंडीस बगल दिली. व्यापार हळूहळू गलबतांवरून गाडीवर गेला आणि बंदराचे महत्त्व ओसरले. पण व्यापार गेला तरी मासळी गेली नव्हती. खाडीकाठच्या काल्हेर, कशेळी, कोन, अंजूर यांसारख्या गावांतून आपले बांधव जाळी लावीत राहिले आणि शेजारचे आगरी बांधव खारबंदिस्तीच्या जमिनीत भात पिकवीत राहिले. बोई, जिताडा, कोळंबी, चिंबोरी, निवटी ही नावे आपल्या घरात केवळ जेवणाच्या ताटातली नव्हती. ती पंचांगासारखी होती. कोणत्या तिथीला कोणते पाणी, उधाणाला काय येते आणि भांगाला काय, हे लिहिता-वाचता न येणारी आजीही सांगत असे.

यावरून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ज्याला आज शास्त्रीय परिभाषेत संवर्धन म्हणतात, त्याचे बीज आपल्या आचारात होते. नारळी पौर्णिमेपूर्वी होडी समुद्रात लोटावयाची नाही, हा दंडक धर्माच्या नावाने पाळला जाई. पण पावसाळा हा अनेक जातींच्या मासळीच्या विणीचा आणि वाढीचा काळ, हे त्यामागील एक फलित होते. आपल्या देशात असे निर्बंध फार जुने आहेत. सम्राट अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात, विशिष्ट पौर्णिमांच्या सुमारास व उपोषणाच्या दिवशी मासे मारू नयेत वा विकू नयेत, अशी आज्ञा कोरलेली आहे. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य वंशातील राजा सोमेश्वर तिसरा याने रचलेल्या 'मानसोल्लास' ग्रंथात माशांच्या जाती व त्यांना घालावयाचे खाद्य यांची माहिती आढळते. सुप्रसिद्ध मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. सुंदरलाल होरा यांनी या दोन्ही आधारांचा अभ्यास करून ते विद्वानांच्या नजरेस आणले. तात्पर्य, मासळीला वेळ दिला पाहिजे हा विचार आम्ही कोणाकडून उसना आणलेला नाही.

शास्त्राची पहाट

इंग्रजी अमदानीत १८८२ साली ठाणे जिल्ह्याचे गॅझेटिअर प्रसिद्ध झाले. त्यात या जिल्ह्यातील मासेमारीचे वर्णन आहे. १८९७ साली हिंदुस्थानचा मत्स्योद्योग कायदा होऊन सुरुंग लावून अथवा विष घालून मासे मारण्यास बंदी झाली. पुढे सोर्ली नावाच्या अधिकाऱ्याने मुंबई इलाख्याच्या सागरी मासेमारीची पाहणी करून १९३० नंतरच्या दशकात आपला अहवाल छापला. हे सारे अहवाल एका अर्थी बाहेरून पाहणाऱ्याचे होते. किती होड्या, किती जाळी, किती मण मासळी, याची मोजदाद त्यांत होती. पण मासा जन्मतो कोठे, वाढतो कसा, परत येतो का, हे प्रश्न अद्याप विचारले जावयाचे होते.

ते प्रश्न ज्या मराठी माणसांनी विचारले, त्यांत डॉ. चं. वि. कुलकर्णी यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. पुढे महाराष्ट्र राज्याचे मत्स्यव्यवसाय संचालक झालेल्या या गृहस्थांच्या कार्याचा आरंभ समुद्रातील एखाद्या बलाढ्य माशाने झाला नाही. तो झाला खाडीतील बोटाच्या पेराएवढ्या एका चिमुकल्या माशाने. सुमारे दोन सेंटीमीटर लांबीचा, काचेसारखा पारदर्शक असा हा मासा आपल्या खाड्या-खाजणांतून नेहमीचाच. पण कोणी त्याच्याकडे दोनदा पाहिलेले नव्हते. कुलकर्णी यांनी पाहिले. १९४० साली त्यांनी दाखवून दिले की, या माशाची केवळ जातच नव्हे तर कुळच शास्त्राला नवे आहे. त्याचे नाव त्यांनी 'होराइक्थिस सेटनाई' असे ठेवले. पूर्वार्धात डॉ. होरा यांचा गौरव आहे आणि उत्तरार्धात मुंबई प्रांताच्या मत्स्यखात्याचे धुरीण डॉ. सेटना यांचा. या माशाच्या नराच्या पंखात एक विलक्षण रचना असते. तिच्या योगे तो रेताची सूक्ष्म कुपी मादीच्या अंगाला चिकटवितो, आणि मादी आधीच फळलेली अंडी पाणवनस्पतींवर घालते. इतक्या लहान जिवात निसर्गाने एवढी योजना करून ठेवावी आणि ती आपल्या दारातील चिखलपाण्यात सापडावी, याचे आम्हांस आजही नवल वाटते.

येथे एक मनातील गोष्ट सांगून टाकतो. असे नमुने अभ्यासकाला मिळतात ते कोणाच्या तरी जाळ्यातून. मासा कोणत्या खाजणात, कोणत्या वेळी मिळेल हे सांगणारा, पाण्यात उतरून तो काढून देणारा माणूस बहुधा आपल्यांतलाच असे. पण शास्त्रीय पत्रिकांत त्याचे नाव क्वचितच छापले गेले. यात कोणाचा दुष्ट हेतू होता असे आम्ही म्हणत नाही; लिहिणाराच्या हाती लेखणी होती आणि आपल्या हाती पाग होता, एवढेच त्याचे कारण. तथापि ज्याच्या हाती लेखणी नाही त्याचे ज्ञान त्याच्याबरोबर जाते, हा धडा आपण यातून घ्यावयास हवा होता, आणि तो आपण फार उशिरा घेतला.

एका कारकिर्दीचा आलेख

डॉ. कुलकर्णी यांचे पुढील कार्य आमच्या विषयाच्या गाभ्याशी येते, म्हणून त्याचा थोडा विस्तार करतो. समुद्रातून नदीत चढून अंडी घालणारा पाला अथवा भिंग हा मासा नर्मदेत कोठे वितो, त्याची अंडी व पिले कशी असतात, याचा त्यांनी शोध घेतला आणि १९५१ च्या सुमारास तो प्रसिद्ध केला. त्या काळी नर्मदेचे मुख मुंबई राज्यातच होते. समुद्रातला मासा नदीच्या गोड्या पाण्यावाचून वंश चालवू शकत नाही, हे ज्याला कळले त्याला नदीवर बांधलेल्या प्रत्येक बंधाऱ्याचा अर्थ निराळा दिसू लागतो.

तोच विचार पुढे लोणावळ्यास फळाला आला. टाटांच्या वीजकंपन्यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सह्याद्रीच्या माथ्यावर वळवण, शिरवटा, मुळशी इत्यादी ठिकाणी धरणे बांधली. या जलाशयांत दख्खनचा महासीर म्हणजे आपला खडशी मासा होता. पावसाळ्यात तो ओढ्यांच्या वाहत्या, स्वच्छ, खडकाळ पाण्यात चढून वितो. धरणांनी नदीचे रूप पालटले, शिकार वाढली आणि हा राजबिंडा मासा घटू लागला. डॉ. कुलकर्णी यांनी त्याच्या विणीचा अभ्यास १९७१ साली प्रसिद्ध केला आणि श्री. एस. एन. ओगले यांच्या सहकार्याने लोणावळ्याच्या केंद्रात त्याची कृत्रिम पैदास यशस्वी केली. कृती ऐकण्यास सोपी आहे. विणीस आलेल्या मादीच्या पोटावरून हलका हात फिरवून अंडी पात्रात घ्यावयाची, त्यांवर नराचे रेत मिसळावयाचे, आणि फळलेली अंडी मंद वाहत्या स्वच्छ पाण्याच्या थाळ्यांत ठेवावयाची. पण यातील प्रत्येक पायरीला धीर लागतो. मादी एक दिवस आधी हाताळली तर अंडी कच्ची, एक दिवस नंतर तर वाया. पाण्यात प्राणवायू कमी पडला तर एका रात्रीत सारी थाळी पांढरी पडते. या केंद्रातून लक्षावधी पिले देशातील अनेक राज्यांच्या जलाशयांत गेली.

इथे इतिहासलेखकाने केवळ स्तुती करून थांबू नये. लोणावळ्याच्या या माशाची पिले दक्षिणेत कावेरी नदीतही सोडली गेली. कावेरीचा स्वतःचा एक मोठा, पाठीवर उंचवटा असलेला महासीर होता. पुढील काळात संशोधकांस असे आढळले की, बाहेरून आलेला महासीर त्या नदीत वाढला आणि मूळचा घटत गेला. २०१८ साली त्या मूळच्या माशाची गणना अत्यंत संकटग्रस्त जातींत करण्यात आली. पिले सोडणाऱ्यांचा हेतू निर्मळ होता. एका नदीचा मासा दुसऱ्या नदीस परका असू शकतो, ही जाण त्या काळी पुरेशी नव्हती. सद्हेतूलाही शास्त्राची जोड लागते आणि शास्त्रालाही स्वतःची चूक मान्य करण्याचे धैर्य लागते, हे आम्हांस या प्रकरणातील सर्वांत मोठे शिक्षण वाटते.

संस्थांची उभारणी

स्वातंत्र्याच्या सुमारास व त्यानंतरच्या काळात या विद्येची घरे एकामागून एक उभी राहिली. १९४६ साली मुंबईत खोल समुद्रातील मासेमारीचे केंद्र निघाले, तेच पुढे भारतीय मत्स्य सर्वेक्षण झाले. १९४७ साली केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्था स्थापन झाली. १९५१ साली मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्‌घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले, आणि काचेपलीकडील मासे पाहण्यासाठी आपल्या गावांतूनही मंडळी सहकुटुंब जात असत. १० जुलै १९५७ रोजी ओरिसात डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशाच्या मस्तकग्रंथीचा अर्क टोचून प्रमुख कार्प माशांची तळ्यात वीण घडवून आणली. त्यापूर्वी रोहू-कटल्याचे बीज पुरात नदीतून गोळा करावे लागे. आता ते शेतकऱ्याच्या तळ्यात मिळू लागले. त्या स्मरणार्थ १० जुलै हा दिवस मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. १९५८ साली रत्नागिरीस सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र सुरू झाले. १९६१ साली मुंबईत केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था निघाली. वर्सोव्याच्या या संस्थेस १९८९ साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. १९८१ साली रत्नागिरीजवळ शिरगाव येथे कोकण कृषी विद्यापीठाचे मत्स्य महाविद्यालय सुरू झाले.

याच काळात आपल्या बोंबिलावरही शास्त्रशुद्ध ग्रंथ झाला. श्री. एस. व्ही. बापट यांचे बोंबिलावरील पुस्तक केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने १९७० साली प्रकाशित केले. डोलीच्या तोंडाशी उभे राहून आपल्या वडीलमंडळींनी जे पिढ्यान्‌पिढ्या पाहिले, ते आकडे व आकृत्या यांच्यासह छापले गेले. प्रा. द. वा. बाळ यांनी मुंबईच्या विज्ञान संस्थेत सागरी जीवशास्त्राचे अध्यापन करून विद्यार्थी घडविले, आणि १९८४ साली श्री. वीरभद्रराव यांच्या सहकार्याने सागरी मत्स्यव्यवसायावर पाठ्यग्रंथ लिहिला. आपल्या मुलांनी ही नावे घरातील वडिलधाऱ्यांच्या नावांप्रमाणे ध्यानात ठेवावीत असे आम्हांस वाटते.

ऱ्हास: परक्यांचा दोष आणि आपला

विद्येची घरे उभी राहत असता घरची खाडी मात्र मरत होती, हा या इतिहासातील कटू भाग आहे. उल्हास नदीच्या काठी बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, डोंबिवली येथे कारखानदारी वाढली. वालधुनीसारख्या उपनद्या नाले झाल्या. भिवंडीत रंगाईचे पाणी आणि शहराचे सांडपाणी कामवारीत उतरले. त्यात रेती उपसणाऱ्या पंपांनी खाडीचा तळ खरवडला आणि भरावांनी तिवरांची राने बुजविली. १९६९ साली महाराष्ट्राने जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा केला, १९७० साली मंडळ नेमले, १९७४ साली केंद्राचा कायदा झाला. परंतु कायद्याच्या वेगापेक्षा मोरीचा वेग अधिक होता.

मासा कसा मरतो तेही सांगितले पाहिजे, कारण पुष्कळांस वाटते की पाण्यात विष मिसळले तरच मासा मरतो. तसे नाही. सांडपाण्यातील कुजणारे द्रव्य फोडण्यासाठी सूक्ष्म जंतू पाण्यातील प्राणवायू वापरतात. द्रव्य जितके अधिक, तितका प्राणवायू कमी. बहुतेक माशांस एका लिटरमागे चार-पाच मिलिग्रॅम प्राणवायू लागतो. तो त्याखाली गेला की मासा तोंड वर काढतो आणि अखेर निघून जातो किंवा उलटा होतो. जे उरतात ते कमी हवेवर जगणारे निवडक जीव. आमच्या वडिलांच्या तोंडून आम्ही ज्या खाडीचे वर्णन ऐकले तिचा तळ ओहोटीला दिसत असे. आम्ही स्वतः जी पाहिली तिच्या पाण्याला मागांच्या रंगाप्रमाणे रंग येत असे.

पण सारा दोष कारखान्यांवर टाकून आपण हात झटकणार असू, तर असला लेख लिहिण्याचे कारण नाही. जाळ्याचे डोळे कोणी बारीक केले? भिंगाच्या, जिताड्याच्या, पापलेटच्या पिलांना टोपलीत भरून बाजारात कोणी बसविले? आणि जी पिले खाण्यासही निकामी, ती मासळीच्या कुटीसाठी वजनावर कोणी विकली? यांत परके होते तसे आपलेही होते. यंत्रनौका आल्या, बर्फ आले, भाव आला. आणि जो दंडक आजोबांनी देवाच्या भयाने पाळला तो नातवाने व्याजाच्या भयाने मोडला. १९८१ साली महाराष्ट्राने सागरी मासेमारी नियमन अधिनियम केला. आज १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. पर्ससीन जाळ्यांच्या प्रश्नावर डॉ. वि. श्री. सोमवंशी यांच्या समितीने अभ्यास केला आणि २०१६ साली त्या मासेमारीवर निर्बंध आले. २०१७ साली प्रखर दिव्यांच्या साहाय्याने होणाऱ्या मासेमारीवर केंद्राने बंदी घातली. २०२३ साली राज्याने सरंगा पापलेटला राज्यमासा म्हणून मान दिला आणि त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवून दिली. हे सारे नियम आपल्याविरुद्ध आहेत असे मानणारा एक वर्ग आपल्यांत आहे. आम्ही त्यांस एवढेच विनवितो की, नारळी पौर्णिमेचा नियम तरी दुसरा कोणता होता?

जिताड्याचा दाखला

आता मत्स्यसंवर्धनाकडे वळू. उदाहरणादाखल आपला जिताडाच घेऊ. हा मासा खाडीच्या मुखाशी खाऱ्या पाण्यात वितो, पिले भरतीबरोबर खाडीत व खाजणात शिरतात, तेथे वाढतात आणि मोठी होऊन परत समुद्राकडे जातात. त्याची आणखी एक खुबी अशी की, तो प्रथम नर असतो आणि काही वर्षांनी वाढून मादी होतो. म्हणजे मोठा जिताडा मारला की बहुधा मादी मारली जाते, आणि लहान मारला की पुढची मादीच जन्माला यावयाची राहते. पेण-अलिबागकडील गावकऱ्यांनी खाडीतील पिले धरून गावतळ्यांत व शेततळ्यांत वाढविण्याची रीत फार पूर्वीपासून चालविली आहे, आणि त्या भागात जावयाच्या पानात तळ्यातला जिताडा वाढणे हा मान समजला जातो. परंतु पिले खाडीवरच अवलंबून. खाडी आटली की तळे रिकामे.

ही अडचण १९८७ साली स्थापन झालेल्या चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीवसंवर्धन संस्थेने सोडविली. १९९७ साली तेथे जिताड्याची बंदिस्त पैदास यशस्वी झाली, आणि खाडीतील एकही पिलू न धरता तळे भरण्याची वाट मोकळी झाली. चिंबोरीची पिलेही आता तामिळनाडूतील सीरकाळी येथील केंद्रात तयार होतात. आपल्या राज्यात २०१२ साली कांदळवन कक्ष स्थापन झाला. २०१७ पासून कांदळवन जपणाऱ्या गावांतील गटांस चिंबोरीपालन, कालवपालन, पिंजऱ्यातील मत्स्यपालन यांसाठी साहाय्य देण्याची योजना आहे. अनेक ठिकाणी हे गट स्त्रियांचे आहेत, ही विशेष समाधानाची गोष्ट होय. टोपली डोक्यावर घेऊन आपल्या ज्या माता-भगिनींनी बाजार सांभाळला, त्यांना पैदाशीचे शास्त्र अवघड वाटेल असे आम्हांस मुळीच वाटत नाही.

मात्र मत्स्यशेती म्हणजे आपोआप पुण्य, असेही नव्हे. १९९० नंतर पूर्व किनाऱ्यावर कोळंबीची तळी बेसुमार वाढली. तिवरे तुटली, शेजारच्या विहिरी खारट झाल्या, आणि १९९४-९५ च्या सुमारास पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाने तळीच्या तळी ओस पडली. डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने किनारपट्टीतील अशा व्यवसायास लगाम घातला आणि २००५ साली त्यासाठी स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा झाला. पुन्हा असे की, मांसाहारी मासा वाढवावयाचा तर त्याला मासेच घालावे लागतात. त्यासाठी समुद्रातील पिले गाळून आणली तर एका हाताने दिले आणि दुसऱ्या हाताने घेतले. म्हणून कालवे, शिंपल्या यांसारखे जे जीव पाणी गाळून स्वतःच पोट भरतात, त्यांच्या पालनास शास्त्रज्ञ अधिक मान देतात. २०२२ साली जगात प्रथमच मत्स्यशेतीतून मिळालेले जलचर हे मासेमारीतून मिळालेल्यांपेक्षा अधिक ठरले. काळ कोणत्या दिशेने चालला आहे हे यावरून स्पष्ट व्हावे. या शेतीत आपण मालक व जाणकार म्हणून जाणार की रोजंदारीवर, एवढाच प्रश्न उरला आहे.

आपले कर्तव्य

आपल्या अनेक घरांत आज अशी भावना दिसते की, मुलगा शिकला म्हणजे तो पाण्यापासून दूर गेला पाहिजे. गोदामात कारकून झाला तरी चालेल, पण मासळीचा वास नको. ही भावना कोठून आली ते आम्ही जाणतो. ज्या पिढीने अपमान सोसले तिला मुलांनी ते सोसू नयेत असे वाटणे स्वाभाविक आहे. पण पाण्याकडे पाठ फिरविणे हा त्यावरील उपाय नव्हे. बारावीपर्यंत विज्ञान शिकलेल्या मुलामुलींस मत्स्यशास्त्राचा चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम रत्नागिरी, नागपूर व उदगीर येथे घेता येतो. पुढील शिक्षणास वर्सोव्याची संस्था भिवंडीहून आगगाडीच्या टप्प्यात आहे. तेथून राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्यात अधिकारी होता येते, संशोधक होता येते, पैदासकेंद्र चालविता येते, कांदळवन व सागरी जीव यांच्या रक्षणाचे काम करता येते. ज्या मुलाने लहानपणी आजोबांबरोबर ओहोटीला चिखल तुडविला आहे, त्याच्याजवळ या विद्येचे अर्धे भांडवल घरचेच आहे.

खाडी परत जिवंत होईल काय, असा प्रश्न कोणी करील. उत्तर शेजारीच आहे. ठाण्याच्या खाडीची दशा काही फार निराळी नव्हती. तरीही २०१५ साली तेथे रोहित पक्ष्यांचे अभयारण्य जाहीर झाले आणि २०२२ साली त्या पाणथळीस आंतरराष्ट्रीय रामसर यादीत स्थान मिळाले. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली आणि पुन्हा २०१८ साली तिवरांच्या रक्षणार्थ कडक आदेश दिले. म्हणजे कायदा आहे, शास्त्र आहे, दाखला आहे. उणीव आहे ती काठावर उभे राहून मोजमाप घेणाऱ्या, तक्रार योग्य शब्दांत लिहिणाऱ्या आणि अधिकाऱ्यासमोर बसून त्याच्याच भाषेत बोलणाऱ्या आपल्या माणसांची.

यासाठी दोन सूचना करून लेख पुरा करतो. आपल्या विद्यार्थी-साहाय्य निधीतून दरवर्षी निदान एका मुलास व एका मुलीस मत्स्यशास्त्राच्या शिक्षणासाठी साहाय्य द्यावे, आणि ते देताना मुलीचा अर्ज मागे ठेवू नये. दुसरे असे की, आपल्या गावांत जे वृद्ध अद्याप हयात आहेत त्यांच्याकडून खाडीची माहिती, माशांची स्थानिक नावे, त्यांच्या येण्याजाण्याचे दिवस, जाळ्यांचे प्रकार, बुजलेल्या खाजणांची ठिकाणे, ही सारी वहीत उतरवून घ्यावीत आणि सांगणाऱ्याचे नाव त्या पानावर ठळक लिहावे. पूर्वी जी नावे छापावयाची राहिली ती आता परत मिळणार नाहीत. पण पुढील वर्षाच्या अंकात अशा दहा वह्यांतील उतारे छापता आले, तर या लेखाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.